बिल्डिंगीतले लोक

“मामा, त्या बिल्डिंगीतल्या लोकायचं काय झालं जी?”

नागपुरात त्रिमूर्तीनगरला बहिणीकडे दुपारी झॅक स्नायडरचा सुपरमॅनपट ‘मॅन ऑफ स्टील’ लावला होता. शेवटची मारामारी. सुपरमॅन आणि खलनायक झॉड एकमेकांना टॉवरमधून आरपार फेकत होते. भाची मात्र मागे कोसळणाऱ्या इमारतीकडे बघत होती.

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरतानाही तेच डोक्यात.

१९७८ मध्ये दिग्दर्शक रिचर्ड डॉनरचा सुपरमॅन पडणारं हेलिकॉप्टर झेलतो आणि त्याच रात्री झाडावर अडकलेली मांजरही खाली आणून देतो. डॉनरला ती मांजर महत्त्वाची वाटली, यातच सगळं आलं.

सॅम रेमी तर आणखी पुढे जातो. त्याच्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये ट्रेन थांबवून स्पायडर-मॅन बेशुद्ध पडतो, आणि प्रवासी त्याला हातांवर उचलून आत घेतात. मुखवटा नाही. हा तर पोरगाच आहे, असं कुणीतरी म्हणतं. दरवेळी माझा गळा दाटतो. वाचलेली माणसं वाचवणाऱ्याला सांभाळतात, हे दुसऱ्या कुणाला सुचलं होतं?

स्नायडरवर अन्याय नको. २०१६ च्या ‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’ मध्ये त्याने तोच विध्वंस रस्त्यावरून दाखवला: धुळीच्या लोटात धावत शिरणारा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन. माझ्या मते त्याचं ते सर्वांत चांगलं काम. पण पहिल्या सिनेमात त्याची नजर ठोशांवरच होती, हेही खरं.

येत्या रविवारी भाचीला रेमी दाखवणार. डॉनर आजच्या पोरांना संथ वाटेल का? कुणी दाखवलाय घरी?