राडारोडा कुठे जातो? पुनर्विकासातला माझा अनुभव

कोथरूडमधली आमची सोसायटी तळमजला अधिक तीन मजल्यांची, १९८०च्या दशकातली. पुनर्विकासाच्या सभांमध्ये सगळी चर्चा वाढीव चटईक्षेत्र, भाडं आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यांवर. पाडलेल्या इमारतीचं काय होणार, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "ते बिल्डर बघेल." पण बिल्डर पाडकाम ठेकेदाराला देतो, ठेकेदार ट्रकवाल्याला, आणि रात्रीतून राडारोडा नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी रिता होतो. मुठेत भराव वाढला की पुराचं पाणी वस्तीत शिरतं. आमच्या भिंती तिथे जाऊन पडाव्यात, हे मला पटेना.

तेव्हा लागू असलेले बांधकाम-पाडकाम कचऱ्याबद्दलचे केंद्राचे २०१६चे नियम वाचले. दिवसाला २० किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा निघणार असेल, तर काँक्रीट, विटा, माती, लोखंड, लाकूड, प्लास्टिक जागेवरच वेगळं करायचं आणि काम सुरू होण्याआधी महापालिकेकडून आराखडा मंजूर करून घ्यायचा. चार मजले पाडताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. प्रत्येक ट्रकची तिथली वजनपावती सोसायटीला मिळावी, ही अट आम्ही विकसन करारातच घातली. बिल्डरच्या वकिलांनी ती गाळायला सांगितलं. समिती हटली नाही. घरं रिकामी झाल्यावर आपलं कोण ऐकणार? जे मागायचं ते सहीआधीच.

सगळ्यात जास्त भांडलो ते पार्किंगवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांसाठी. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला की त्याचे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात बसतात आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. ठेकेदार ते घणाने फोडणार होता, तेही मजुरांच्या तोंडावर नुसता रुमाल असताना. काम थांबवलं. पत्रे ओले करून, बोल्ट काढून, अख्खे उतरवले आणि घातक कचऱ्याच्या मार्गाने पाठवले.

सागवानी चौकटी, ग्रील, शहाबादी फरश्या विकल्या गेल्या. काँक्रीट दळून निघालेली खडी परत वापरता येते. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं भारतीय मानक २०१६पासून एम २५ या मजबुतीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्येही ती २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. तेवढा डोंगर कमी फुटतो. बिल्डरने ती फक्त आवारातल्या पेव्हर ब्लॉकसाठी मान्य केली. मला ते कमी वाटतं.

आता पाया खोदणं चालू आहे. निघणाऱ्या मुरमाच्या पावत्याही समिती मागते आहे.