स्ट्रीट बास्केटबॉलचा गेम बनवताना: उडी, बॉल आणि उघड पक्षपात

तीन विरुद्ध तीन, एक मैदान, एकवीस गुण. माझ्या गेमचा पसारा एवढाच आहे. एकटीने, नोकरी सांभाळून, गोडॉट हे फुकट इंजिन वापरून तो बनवला आणि आता तो लोकांच्या हातात देण्याइतका उभा राहिलाय. असा गेम बनवायला घेतलेले लोक मला पहिला प्रश्न ग्राफिक्सचा विचारतात. माझा सगळा जीव मात्र तीन गोष्टींत गेला: खेळाडूची उडी, शॉटचं टायमिंग, आणि मशीन कुणाच्या बाजूने झुकणार हे ठरवणं. आर्केड गेम, म्हणजे वास्तवापेक्षा मजेला धरून चालणारा झटपट गेम, खोटं बोलतोच. ते खोटं खेळणाऱ्याच्या मनातल्या इच्छेला धरून असावं, एवढंच मी पाहिलं.

नियमांवर फार वेळ घालवला नाही. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे फिबाचा ३×३ प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. त्यात बास्केटभोवती आखलेल्या कमानीच्या आतून १ गुण, बाहेरून २, आणि जो आधी २१ गाठेल तो जिंकला, किंवा मग दहा मिनिटं संपली की जो पुढे तो. मी दहा मिनिटांचं घड्याळ काढून टाकलं. घड्याळ असलं की आघाडीवरचा खेळाडू वेळ काढत बसतो, आणि आर्केडमध्ये ते बघवत नाही. शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हातात आल्यावर शॉट मारायला मिळणारा वेळ, मात्र १२ सेकंदांचाच ठेवला, नाहीतर लोक बॉल नाचवतच राहतात.

खरं काम सुरू झालं ते उडीपासून. रिम, म्हणजे बास्केटचं लोखंडी कडं, जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. अव्वल दर्जाचा खेळाडू जागेवरून किंवा धावत येऊन साधारण मीटरभर, फार तर सव्वा मीटर वर जातो. स्ट्रीट गेममध्ये तेवढ्याने भागत नाही. डंक मारताना, म्हणजे बॉल वरून थेट रिममध्ये कोंबताना, डोकं रिमच्या वर दिसलं पाहिजे, म्हणून मी उडी तीन मीटरची ठरवली. आता साधं गणित करा: पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तसंच ठेवलं तर तीन मीटर वर जाऊन परत खाली यायला दीड सेकंदाहून जास्त लागतो. पडद्यावर हे फार लांबतं. माणूस चंद्रावर असल्यासारखा तरंगतो आणि त्याला अडवायला आलेला डिफेंडर खाली ताटकळतो. मला पूर्ण उडी एका सेकंदात हवी होती. त्यासाठी खेळाडूंचं गुरुत्वाकर्षण ९.८ वरून २४ वर न्यावं लागलं, म्हणजे जवळजवळ अडीच पट. त्यातही वर जाणं झटकन, टोकाला पोचल्यावर किंचित रेंगाळणं आणि मग दाणकन खाली येणं, असे तीन तुकडे वेगळे केले. मधल्या त्या रेंगाळण्यातच हँग टाइमची, म्हणजे हवेत लटकून राहण्याची, सगळी मजा आहे. खेळणारा तेवढ्यात ठरवतो की डंक मारायचा, पास द्यायचा की हात बदलायचा.

बॉलला मात्र खरंखुरं, पृथ्वीचंच गुरुत्वाकर्षण ठेवलं. बॉललाही २४ लावून पाहिलं होतं, तर तो रबराचा वाटेनाच, तोफेचा गोळा वाटला. फेकलेली वस्तू कशी खाली येते हे डोळ्याला लहानपणापासून पाठ असतं. माणूस तीन मीटर उडालेला डोळा खपवून घेतो, चुकीच्या वेगाने पडणारा बॉल नाही. कमानीवरून, ६.७५ मीटरवरून मारलेला शॉट खऱ्या मैदानावर हवेत सव्वा सेकंदाच्या आसपास असतो. माझ्या गेममध्येही तो तितकाच राहतो. त्या सव्वा सेकंदात सगळे श्वास धरून वर बघतात, तो वेळ कापायचं धाडस मला झालं नाही.

आता शॉट. रिमचा आतला व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, बॉलचा २४. म्हणजे जागा आहे, पण बॉल तिरपा येत असल्यामुळे ती दिसते तेवढी नसते. खऱ्या खेळात कोन, वेग, फिरकी हे सगळं शरीर सांभाळतं. कंट्रोलरवर अंगठ्याखाली एकच बटण असतं. त्या एका बटणातून खरं भौतिकशास्त्र चालवायचं म्हटलं तर निकाल नशिबावर जातो. म्हणून उलट दिशेने गेले. बटण सोडल्याच्या क्षणी शॉट पडणार की नाही हे आधी ठरतं, मग बॉल कुठे पोचायला हवा तो बिंदू ठरतो, आणि त्या बिंदूवरून मागे येत कोन आणि वेग काढले जातात. बॉल त्यानंतर प्रामाणिकपणे उडतो, मध्ये कुठे वळत नाही.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग चुकलेल्या शॉटचा आहे. बटण लवकर सोडलं तर बॉल रिमच्या पुढच्या कडेला लागतो, उशिरा सोडलं तर मागच्या. समोर डिफेंडरचा हात असेल तर बाजूला सरकतो. पडद्यावर टायमिंग दाखवणारी कुठलीही पट्टी नाही, ‘लवकर’, ‘उशीर’ असे शब्दही नाहीत. पण थोडं खेळल्यावर लोक रिमचा ‘टण्ण’ ऐकून स्वतःचं स्वतः सुधारायला लागतात. सेकंदाला साठ फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या साठ चित्रांच्या, हिशोबाने एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. अचूक टायमिंगला मी तीन फ्रेम दिल्या, म्हणजे ५० मिलिसेकंद. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फ्रेमची सवलत, तिथे शॉट बहुतेक वेळा पडतो. टायमिंगची खूण खेळाडूच्या मनगटात आहे: ते पूर्ण मागे झुकलं की सोडायचं. प्रत्येक खेळाडूचं मनगट वेगळ्या लयीत झुकतं, त्यामुळे खेळाडू बदलला की हात पुन्हा बसवावा लागतो. काहींना हे जाचक वाटलं. मी ते तसंच ठेवलं, कारण आपल्या आवडत्या खेळाडूशी नातं जुळतं ते इथेच.

चाचणीसाठी पहिला हक्काचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो खेळताना सारखा एकच गोष्ट म्हणायचा, “ताई, मी दाबलं होतं गं!” पडद्याकडे बघून काही कळत नव्हतं. मग मोबाइल स्टँडवर लावून त्याच्या अंगठ्यांचं चित्रण केलं आणि गेमच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. त्याने खरंच दाबलं होतं. त्याचा खेळाडू एका उडीतून खाली येत होता, पाय टेकायला चार-पाच फ्रेम बाकी होत्या, आणि त्याच वेळी समोरचा शॉट घेतोय हे बघून त्याने ब्लॉकचं बटण दाबलं. खेळाडू हवेत असल्यामुळे गेम ते बटण विसरून जात होता. आता हवेत दाबलेलं बटण गेम सहा फ्रेम लक्षात ठेवतो, आणि पाय टेकले की लगेच उडी घेतो. डंकच्या क्षेत्रालाही तसाच उदारपणा दिला: धावत येणाऱ्यासाठी सीमा थोडी पुढे सरकते, उभ्या असलेल्यासाठी नाही. तेव्हापासून प्रत्येक चाचणीत मी एक कॅमेरा हातांवर ठेवते. लोक तोंडाने काय सांगतात त्यापेक्षा त्यांचे अंगठे फार खरं बोलतात.

ड्रिबलमध्ये, म्हणजे बॉल आपटत नेताना, तो खरं तर हाताला बांधलेला असतो, तो अ‍ॅनिमेशनच्या तालावर खालीवर होतो. कुणी चपळाईने हात मारला की त्याच क्षणी तो सुटून मोकळा बॉल व्हायला हवा. हा सांधा जुळवणं सगळ्यात किचकट गेलं. शेवटच्या दोन फ्रेममध्ये बॉल कुठून कुठे गेला त्यावरून त्याचा वेग काढायचा, त्यात हात मारणाऱ्याच्या हाताचा वेग मिसळायचा, आणि मग सोडून द्यायचं. तेव्हा कुठे बॉल हातातून निसटल्यासारखा दिसला. आणि हो, बॉलची सावली. सूर्य कुठेही असो, माझ्या बॉलची सावली बरोब्बर त्याच्या खाली पडते. हे अशास्त्रीय आहे, पण रिबाउंडसाठी, म्हणजे चुकून उसळलेला बॉल पकडायला, कुठे उभं राहायचं ते त्या काळ्या ठिपक्यावरूनच कळतं.

ट्रिक्सचं, म्हणजे बॉलच्या करामतींचं, बक्षीस कसं द्यायचं याचा विचार करताना २००१ चा ‘एनबीए स्ट्रीट’ हा गेम पुन्हा खेळले (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग). त्यातला ‘गेमब्रेकर’ ही आजही मला विलक्षण कल्पना वाटते: करामती करून मीटर, म्हणजे पडद्यावरची एक पट्टी, भरायचा, आणि मग मारलेल्या शॉटने आपले गुण वाढतातच, समोरच्याचे कमीही होतात. मागे पडलेल्याला आशा आणि पुढे असलेल्याला धाक, दोन्ही एकाच शॉटमध्ये. माझ्याकडे मीटर दोन्ही बाजूंनी भरतो. ट्रिक करणाऱ्याचा मीटर वाढतो, पण ट्रिक चालू असताना बॉल हिसकावला तर त्याच्या मीटरमधला हिस्सा हिसकावणाऱ्याकडे जातो. शिवाय तीच ट्रिक लागोपाठ केली की दुसऱ्यांदा निम्मं, तिसऱ्यांदा पाव. हा एक नियम आला आणि लोकांचा खेळ बघण्यासारखा झाला. त्याआधी सगळे एकच गिरकी मारत होते.

पक्षपाताचा प्रश्न सगळ्यात जास्त दिवस डोक्यात राहिला. ‘एनबीए जॅम’ हा गेम १९९३ साली मिडवे कंपनीने नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनवर आणला. त्याचे प्रमुख रचनाकार मार्क टर्मेल एनबीएमधल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाचे चाहते. शिकागो बुल्स या दुसऱ्या संघाने पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या क्षणी मारलेले शेवटचे शॉट चुकावेत अशी सोय त्यांनी कोडमध्ये केली होती, हे त्यांनीच पुढे सांगितलं. मागे पडलेल्या संघाला छुपी मदत हाही या प्रकारच्या गेमचा जुना रिवाज. सामना चुरशीचा राहतो हे खरं. पण माणसासमोर माणूस बसलेला असताना बॉलच्या नशिबात हात घालणं मला पटलं नाही. त्यामुळे दोन माणसांच्या सामन्यात कुठलीही छुपी मदत नाही. कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना मदत आहे, पण ती बॉलला नाही, कॉम्प्युटरच्या निर्णयांना लागू होते: तो पुष्कळ पुढे गेला की लांबून घाईचे शॉट घ्यायला लागतो, दिखाऊ पास देतो, मागे पडला की आवळून खेळतो. टायमिंगच्या त्या तीन फ्रेम दोघांनाही सारख्याच.

याच ‘एनबीए जॅम’मधली दुसरी गोष्ट मात्र मी मनापासून उचलली: एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट मारले की तो पेटतो. मदतच ती, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बॉलमागे ज्वाळा दिसतात, समोरच्यालाही कळतं की याला आता मोकळं सोडायचं नाही, आणि समोरच्याने एक बास्केट मारला की आग विझते. उघड पक्षपात कुणाला खुपत नाही, कारण तो विझवायचा मार्ग समोरच्याच्या हातात असतो.

आवाजाबद्दल थोडंसं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रकर पार्क या मैदानावर सामना चालू असताना माइकवरून समालोचन करणारे, खेळाडूंना टोपणनावं देणारे निवेदक ही स्ट्रीट बास्केटबॉलची जुनी ओळख आहे. माझा निवेदकही सामन्यात कोण काय करतो ते बघून नाव ठेवतो. सतत ब्लॉक करणाऱ्याला ‘कुलूप’, पास देणाऱ्याला ‘टपाल’. एक वाक्य एका सामन्यात एकदाच. आणि शॉट हवेत असताना तो पूर्ण गप्प असतो. जाळी दोऱ्याची न ठेवता साखळीची ठेवली, तिचा छन्न आवाज घरच्या लोखंडी साखळीवर रेकॉर्ड केला.

सध्या काम चालू आहे ऑनलाइन सामन्यांचं. दोन खेळाडूंमध्ये १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सहा फ्रेम, आणि माझी अचूक शॉटची खिडकी तीनच फ्रेमची. म्हणून रोलबॅक पद्धत घेतलीय: समोरचा काय करेल याचा अंदाज धरून गेम पुढे चालतो, अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन नव्याने गणित करतो. शॉट आणि उड्या त्यात छान बसल्या. दोघे एकाच वेळी मोकळ्या बॉलवर झेपावतात तेव्हा मात्र बॉल अजून जागा बदलून चमकतो. तिथे दोन्ही मशीनवर आधी कुणाचा हात पोचला हे ठरवणारा एकच नियम हवा. पाय टेकल्याची फ्रेम धरावी की बटण दाबल्याची, हे मी दोन्ही प्रकारे चालवून बघतेय, आणि मन बटणाच्या बाजूने झुकतंय.