मेळावा, पॅनेल आणि उजेडाबाहेरची माणसं

1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीत. त्यामुळं 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आमच्यासारख्या हौशी मंडळाकडं गावात कोण बघणार? म्हणून आमचा वार्षिक मेळावा त्यानंतरच्या रविवारी. नटराजपूजन, दीपप्रज्वलन, मनोगतं सगळीकडं असतात तशीच. चिटणीसांचा अहवाल जरा लांबतो, एवढंच.

मेळावा लाइव्ह दाखवणारे कॅमेरे मी चालवतो. माझी जागा मेकअपरूमच्या कोपऱ्यात. टेबलावर जॉयस्टिकचा कंट्रोलर, शेजारी रंग-उजेडाचं पॅनेल, समोर मॉनिटर. पूर्वी कॅमेऱ्यामागं माणूस उभा राहायचा आणि मागच्या रांगेतून ‘ओ, खाली बसा’ ऐकू यायचं. आता पीटीझेड, म्हणजे दुरून वळवता येणारे कॅमेरे बाल्कनीच्या कठड्यावर नि खांबांवर बसवलेत. वळवणं, झूम, आयरिस (भिंगातून उजेड आत सोडणारं छिद्र), सगळं इथूनच.

खरी खटपट पडदा उघडण्याआधीची. हॅलोजन 3200 केल्विनच्या आसपासचा, पिवळट. भाड्याचे एलईडी त्याहून निळसर. एका कॅमेऱ्यात अध्यक्षांचा सदरा हळदीचा, दुसऱ्यात निळीचा! मग कुणीतरी स्टेजवर पांढरा कागद धरायचा, मी व्हाइट बॅलन्स घ्यायचा, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं कुठलं ते शिकवायचं, आणि उरलेला फरक लाल-निळ्याच्या नॉबनी मिटवायचा. ऑटो आयरिसवर माझा काडीचा विश्वास नाही. मागचा काळा पडदा बघून तो उघडत जातो आणि पांढऱ्या टोपीखालचा चेहरा पार उडवतो.

पण मी ज्याची वाट बघतो तो कार्यक्रम वेगळाच. दरवर्षी पडद्यामागच्या एकाचा सत्कार होतो आणि त्यानं दोन शब्द बोलायचे असतात. नटाला उजेड कुठं पडतो ते बरोबर कळतं. ही माणसं मात्र आयुष्यभराच्या सवयीनं उजेडाच्या कडेबाहेरच उभी राहतात. ‘जरा पुढं या’ म्हटलं तर अर्धं पाऊल सरकतात आणि पुन्हा मागं.

एका वर्षी आमचे प्रॉम्प्टर काका बोलले. सवयीनं आवाज इतका बारीक, की सगळं सभागृह पुढं वाकून ऐकत होतं. ठरवून ठेवलेला प्रीसेट दाबला असता तर कॅमेरा गर्रकन वळला असता, आणि तो कॅमेरा तर ऑन एअर, म्हणजे त्याचंच चित्र लोकांना दिसत होतं. म्हणून जॉयस्टिक जेमतेम कलती ठेवून चेहऱ्यापर्यंत गेलो. गेन, म्हणजे यंत्रानंच चित्र उजळवणं, वाढवला असता तर चित्रात दाणे आले असते. म्हणून आयरिस अर्धा स्टॉप, म्हणजे जरासाच, उघडला. नाटकात कोण कुठं अडखळायचं हे ते नावानिशी सांगत होते आणि ते ते नट खाली मान घालून हसत होते.

आभार मानताना मदतनिसांत कुणी राहायला नको: केबल अंथरणारी दोन्ही पोरं, जनरेटरवाले, माईकवाले दादा, कागद धरणाऱ्या वहिनी, रांगोळीच्या ताई, चहा-भडंग सांभाळणाऱ्या मावशी, सभागृहाचे वॉचमन, आणि हो, पायऱ्यांवर टॉर्च घेऊन उभे राहणारे आजोबा. मागच्या खेपेला आभारात त्यांचं नाव राहिलं, ते मला अजून खुपतं.

आणि एक तक्रार. लाइव्ह सुरू झाल्यापासून सांगलीतल्याच विश्रामबागची मंडळी घरूनच बघतात आणि वर फोन करून विचारतात, खुर्च्या रिकाम्या का दिसतात? त्या खुर्च्या तुमच्याच. बाल्कनीचा कॅमेरा मी मुद्दाम तिकडं वळवतो.