अल्बानियाने जजांचाच हिशोब मागितला
युरोपातल्या अल्बानियात कम्युनिस्ट राजवट गेली पण कोर्टं सुधारली नाहीत, आधी निकाल पार्टीच्या मर्जीने लागायचे, नंतर पैशाच्या, आणि त्याच काळात सरकारी जमिनी, कारखाने खाजगी होत होते म्हणजे जज खिशात असला की सगळंच आलं. शेवटी २०१६ ला त्यांनी घटनाच बदलली आणि जवळपास ८०० जज अन् सरकारी वकील, सगळ्यांची तपासणी लावली, प्रॉपर्टी कुठनं आली, गुन्हेगारांशी उठबस आहे का, कामाची लायकी आहे का. पगारात न बसणाऱ्या फ्लॅटचा हिशोब देता आला नाही तर घरी. कित्येकांनी तर आधीच राजीनामे टाकले!

मला हे जबरदस्त वाटतं. इथं सांगलीकडं आमच्या मामाचा वारसाचा फेरफार एका ऑफिसात महिनोन् महिने पडून आहे, साहेब कायम मीटिंगला आणि बाहेर एजंट रेट सांगतोय, त्यामुळं ही चीड काय असते ते मला कळतं.

पण त्रास तिथल्या साध्या माणसालाही झाला, एवढे जज गेले की २०१८ नंतर बराच काळ घटनात्मक कोर्टात कोरमच नव्हता आणि खाली केसेसचे ढीग. जागा भरायची तयारी आधीच करायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडं २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आपल्या सगळ्या जजांच्या प्रॉपर्टीची माहिती वेबसाइटवर टाकायचं ठरवलं. आता हेच तालुक्याच्या कोर्टापर्यंत आणि तहसीलपर्यंत यायला पाहिजे, आणि नुसती यादी नको, कुणीतरी ती तपासली पण पाहिजे.