गुरुजींचा बोर्ड

रबाळे एमआयडीसीत आमचं रस्त्यांचे बोर्ड बनवायचं वर्कशॉप आहे. वर्क ऑर्डरमध्ये जे लिहिलंय तेच छापायचं. एक वेलांटी आपल्या मनाने दुरुस्त केली तरी बिल अडकतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याला येऊन मिळणाऱ्या एका रस्त्याला गावातल्या दिवंगत मास्तरांचं नाव मंजूर झालं. ठरावात 'कै.', नाव, वडिलांचं नाव, आडनाव, 'मार्ग'. बोर्डाची अर्धी उंची इंग्रजीला. इंग्रजी अक्षर दिलेल्या मापात मावतं. मराठीला वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते, मग मूळ अक्षर बारीक होतं आणि चालत्या गाडीतून वाचता येत नाही. साहेबलोकांना हे सांगून सांगून थकलो. तरी दोन ओळींमधली फट खाऊन मी अक्षर बोटभर वाढवलं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फायलीत उडालेला रफार हाताने बसवला. बोर्ड देखणा झाला, खोटं कशाला बोलू.

लावत होतो तेव्हा रिक्षाची वाट बघणारे एक आजोबा मान वर करून उभे राहिले.

"यो कोन रं?"

मी नाव वाचून दाखवलं.

"बरा. पन आमचे गुरजींचा बोर्ड कंदी लागल?"

हेच ते, म्हटलं. त्यांना काही पटलं नाही. गावाने जन्मभर 'गुरुजी' म्हटलेलं, आणि त्या आडनावाची तर अर्धी आळी.

मोठ्यांचंही हेच होतं म्हणा. पुण्याला जाताना 'यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग' कोण म्हणतं? ७०१ किलोमीटरचा 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग' भिवंडीजवळ आमनेला संपतो, तिथला ड्रायव्हर 'समृद्धी' म्हणून मोकळा होतो. पण त्यांचे पुतळे आहेत, पुस्तकं आहेत. गुरुजींना हा एवढा एकच पत्रा.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून फोन. बोर्डाचं विद्रूपीकरण झालंय, साफ करून द्या. जाऊन बघतो तर निळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने, नावाच्या खाली, 'गुरुजी'. टवाळ पोरांचं काम नव्हे. शिरोरेघ सुतात, 'रु' ऱ्हस्व. आमच्याकडे छापून येणाऱ्या दहांतल्या सात फायलींत तो दीर्घ असतो.

मुद्दाम रात्री परत गेलो. हेडलाइट पडला की रिफ्लेक्टिव्ह शीटवरचं ठरावातलं नाव लखकन उजळायचं. ऑइलपेंटला कुठली चमक? 'गुरुजी'च्या जागी नुसता काळपट डाग.

थिनर मारला तर शीटचा पृष्ठभाग जातो, म्हणजे शीटच बदलायला हवी. ज्युनिअर साहेबांचा रोज एकच प्रश्न, एस्टिमेट कधी देता? अजून दिलेलं नाही. वर्कशॉपमध्ये पांढऱ्या रिफ्लेक्टिव्हचा एक तुकडा उरलाय, तीन अक्षरांपुरता.