पाण्याअभावी अपूर्ण

मी नाशकात एका माती-पाणी परीक्षण लॅबमध्ये आहे. रोजचं काम म्हणजे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांची माती, पीएच बघा, ईसी म्हणजे क्षारांचं प्रमाण बघा, रिपोर्ट छापा, मग शेतकऱ्याला फोनवर अर्धा तास समजवा. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पाणलोटाच्या एका कामासाठी मला आणि आमच्या हेल्परला त्र्यंबकेश्वरकडच्या हरसूलच्या पुढे एका पाड्यावर पाठवलं होतं, आणि तिथे जी फजिती झाली ती अजून ऑफिसात चहाच्या वेळेला निघते.

काम तसं साधं. एकाच डोंगरावरच्या दोन जागा, एक उघडा उतार, दरवर्षी वणव्यात जळतो आणि उरलंसुरलं गुरं खातात, आणि त्याला लागूनच देवराई, जेमतेम दोन-तीन एकर, देवाची म्हणून तिथली काडीसुद्धा कोणी उचलत नाही. दोन्हीकडे पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायचं आणि माती घेऊन यायची. मोजायला दोन लोखंडी रिंगा असतात, आतली 30 सेंटीमीटर व्यासाची, बाहेरची 60, त्या जमिनीत ठोकायच्या, दोन्हीत पाणी भरायचं आणि आतल्या रिंगेतली पातळी घड्याळ लावून बघत बसायचं. बाहेरच्या रिंगेतलं पाणी एवढ्यासाठी, की आतलं पाणी आडवं न पसरता सरळ खाली जावं. वेग एकसारखा होईपर्यंत उठायचं नाही, म्हणजे उन्हात नुसती बसकण.

20 लिटरचे पाच कॅन भरून नेले होते. मला वाटलं भरपूर झाले.

आधी उघडा उतार घेतला. रिंग ठोकताना हातोडा अक्षरशः उडत होता. वर काळ्या राखेचा पातळ थर आणि खाली खुरांनी चेपून चेपून घट्ट झालेली माती, त्यात मुरूम. पाणी ओतलं, राख वर तरंगली आणि पाणी आपलं उभंच. तासाभरात पातळी उतरली ती मिलीमीटरात, हेल्पर तर तिथेच झोपला. दीड-दोन कॅनमध्ये काम झालं, मी खूश.

मग देवराईत गेलो. पाचोळा बाजूला करायला हात घातला तर हात आतच चालला, वरची वाळकी पानं, मग अर्धवट कुजलेली, मग काळी भुसभुशीत माती, तीत बुरशीचे पांढरे धागे, मुळं, वाळवीची बिळं. दोघांनी पाय देऊन दाबल्या तर रिंगा निम्म्या खाली गेल्या. आणि पाणी ओतलं तर ते थांबेचना! मी ओततोय, हेल्पर वेळ सांगतोय, पातळी भरेपर्यंत परत खाली. अर्ध्या तासात उरलेले तीन कॅन संपले आणि वेग काही स्थिर होईना. इथे काम सोडलं तर सगळी रीडिंग वाया.

हेल्पर पळत खालच्या पाड्यात गेला आणि एका आजीकडून दोन हंडे मागून आणले. कशाला ते सांगितलं नाही पठ्ठ्याने. आजीला वाटलं पोरं तहानलीत. पण दोन हंडे कोण पितं, म्हणून ती मागोमाग वर आली, तेव्हा पहिला हंडा रिंगेत गेलेला आणि दुसरा माझ्या हातात.

"आरं, पाणी भुईत वततो व्हय तू?"

मी काहीतरी मोजमाप, शास्त्र वगैरे बोललो असेन, आता आठवलं तरी लाज वाटते. ती झिऱ्यावर, म्हणजे जमिनीतून पाणी झिरपतं त्या खड्ड्यावर, वाटीवाटीने हंडा भरते, एका हंड्याला तास जातो. मी दुसरा हंडा तसाच खाली नेऊन दिला. रिपोर्टमध्ये त्या रकान्यात लिहिलं, पाण्याअभावी अपूर्ण.

आता हा पट्टा बघा, पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो, आणि तिकडे जिल्ह्यातल्याच कोरड्या सिन्नरला पाच-सहाशे मिलीमीटर पडला तरी लोक पेढे वाटतील. पण उघड्या उतारावरून ते पाणी थांबतच नाही, वरची माती घेऊन ओहोळात, तिथून दमणगंगा आणि थेट अरबी समुद्र. आजीच चालता चालता म्हणाली की वणव्याच्या अंगाला पण एक झिरा होता, तो आता होळीच्या आतच आटतो, देवराईखालचा तेवढा राहिलाय. आणि हे आदिवासींनी राब भाजला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळला, म्हणून झालं असं कोणी म्हणू नका हं, आमच्याकडे बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरतात आणि उन्हात उडवतात, त्याला आपण प्रगती म्हणतो.

लॅबमध्ये आल्यावर सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनची, टेस्ट लावली. एक ग्रॅम मातीत डायक्रोमेट नावाचं केमिकल मोजून घालायचं, रंग नारिंगी, वर सल्फ्युरिक ॲसिड. मातीतला कर्ब डायक्रोमेट खातो, जे उरेल ते टायट्रेशनने, म्हणजे दुसरं द्रावण थेंबथेंब टाकून, मोजायचं. अर्धा टक्क्याच्या खाली कर्ब कमी, पाऊण टक्क्याच्या वर भरपूर, असा आपला हिशोब, आणि बागांच्या मातीत बरेचदा कमीवालाच आकडा येतो. उताराच्या मातीचा फ्लास्क नारिंगी राहिला. देवराईचा बघता बघता पूर्ण हिरवा, म्हणजे डायक्रोमेट सगळंच संपलं, मोजायला काही उरलंच नाही! त्या मातीने डोंगरावर माझं पाणी संपवलं, इथे केमिकल. अर्धा ग्रॅम माती घेऊन परत लावलं तेव्हा कुठे आकडा मिळाला.

तेव्हा ट्यूब पेटली की हा एकच हिशोब आहे. पाचोळा कुजून कर्ब मातीत जातो, त्याने मातीचे कण धरून राहतात, मध्ये पोकळ्या राहतात आणि पाणी त्यातून उतरतं. वणवा लागला की पाचोळ्यातला कर्ब धूर होऊन हवेत, आणि उघड्या मातीतला राहिलेला पहिल्या पावसात वाहून ओहोळात.

मे महिन्यात राहिलेलं रीडिंग घ्यायला परत गेलो. या वेळी पिकअप केली, बारा कॅन. आजी ओट्यावरच बसलेली. तिने आधी कॅन मोजले, मग म्हणाली, "ह्यातले दोन माझे."

मी चार उतरवले.