८०००, मोनो, १६ बिट: एवढं सांगायला पाच दिवस

आमच्या रावेर तालुक्यातल्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर नाना रोज संध्याकाळी भाव बोलून टाकतात, नवतीला काय, पिलबागला काय, वापसीला काय, असा केळीच्या एकेका प्रकाराचा, मिनिटभराची व्हॉइस नोट. पण निम्म्या म्हाताऱ्यांकडे अजून बटणाचा फोन. म्हणून वर्गणी काढून एक नंबर घेतला, फोन लावला की नानांचाच आवाज ऐकू यावा असा. पैसे भरणं, कागदपत्रं वगैरे पटकन झालं. घोडं अडलं ते नोट नंबर देणाऱ्या कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे त्यांच्या वेबसाईटवरच्या आमच्या खात्यात, चढवताना.

आवाजाच्या फाईलचे प्रकार असतात; पॅनलला पाहिजे वॅव (.wav) आणि व्हॉट्सअ‍ॅपची नोट असते ओपसमध्ये. मी शहाणपणा केला, फाईलच्या नावापुढे डॉट वॅव लावून दिलं. 'इनव्हॅलिड फाईल'. ही चूक माझी, डब्यावरची चिठ्ठी बदलून तुरीची डाळ हरभऱ्याची होत नसते. मग एका वेबसाईटवरून खरोखर कन्व्हर्ट केली, दीडशे केबीच्या आसपासची नोट थेट साडेअकरा एमबी झाली, लॅपटॉपवर खणखणीत वाजू राहिली, आणि पॅनलवर पुन्हा तेच, इनव्हॅलिड फाईल.

सपोर्टला फोन लावला. "सर, फाईल वॅवमध्ये पाठवा." म्हटलं वॅवच आहे भो. "सर, मग फॉरमॅट चेक करा." काय चेक करू ते सांगा ना! "सर, तिकीट टाकून ठेवतो." दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा, पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा "वॅवमध्ये पाठवा". तिसऱ्या दिवशी फोनच उचलला नाही. इकडे ग्रुपवर लोक विचारू लागले, वर्गणी घेतली तो नंबर कुठे गेला, आणि नाना म्हणे, "तुला जमू नाही राहिलं तर तसं सांग, मी एकेकाला फोन करत जाईन." डोकं फिरलं होतं माझं. पाचव्या दिवशी एका पोराने फोन उचलला, माझं अर्धं ऐकलं आणि सहज बोलला, "आठ किलोहर्ट्झ मोनो, १६ बिट आहे ना सर?" बस्स. हे तीन आकडे अपलोडच्या बटणाखाली लिहायला यांचं काय जात होतं?

भानगड अशी की वॅव हा १९९१ चा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचा डबा, त्यात आत वेगवेगळ्या मापाचा माल बसतो. टेलिफोनच्या लाईनला आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने लागतात, तेच आठ किलोहर्ट्झ; मोनो म्हणजे आवाजाची एकच वाट, १६ बिट म्हणजे एकेका नमुन्याचं माप. वेबसाईटने मला ४८००० चे आणि तेही स्टिरिओ, म्हणजे दोन वाटांचे, करून दिले होते. ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाची फाईल एक एमबीला थोडी कमी भरली की बरोबर. पाच नाहीतर अकरा भरली की चढवूच नका.

मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. माझ्या जुन्या व्हर्जनला ओपस उघडायला एफएफएमपेग नावाचं जोडसॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागलं. ट्रॅक मोनो करायचा, खाली डाव्या कोपऱ्यात प्रोजेक्ट रेट ८०००, वॅवमध्ये एक्सपोर्ट करताना 'साईन्ड १६ बिट पीसीएम' हा पर्याय. आता दोन मिनिटांचं काम.

दीडशे केबीची फाईल एक एमबीच्या जवळ गेली म्हणून आवाज सुधारत नाही बरं का, उलट ८००० वर 'स'ची धार जाते. पहिल्याच दिवशी एकाने 'बाराशे साठ'चं 'बाराशे आठ' ऐकलं आणि नानांशी भांडायला आला. तेव्हापासून नाना "साठ, सहा शून्य" असं फोडून बोलतात.

हां, आणि एक राहिलंच, फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. मी 'आजचा भाव' असं मराठीत दिलं होतं, सगळे आकडे बरोबर असून त्या दिवशीही इनव्हॅलिड फाईल.